चष्मा उतरवण्याच्या खटपटीची गोष्ट

 गटाच्या बैठकांमध्ये हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. मुलीला चष्मा आहे, लग्नाचं बघायचंय, लेझर करून घ्यावं का? किंवा मुलगा भरतीची तयारी करतोय, चष्मा आडवा येतोय, गटातून कर्ज मिळेल का? एक जण म्हणते, दहा मिनिटांचं काम आहे, दुसऱ्या दिवशी पोरगी चष्म्याशिवाय फिरते. दुसरी म्हणते, नको गं बाई, डोळ्याशी खेळ नको. दोघींच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणून आज या ऑपरेशनचा इतिहास सांगायचा आहे. तो ऐकला की डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं, हे आपलं आपल्याला सुचतं.

आधी डोळ्याची रचना थोडक्यात बघू. बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात, आपण आज पुढची काच म्हणू. तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. या काचेला बाक असतो आणि त्या बाकामुळे उजेड आत वळतो, मागच्या पडद्यावर पडतो आणि आपल्याला चित्र दिसतं. डोळा लांबट असला किंवा काचेचा बाक जास्त असला, की उजेड मागच्या पडद्याच्या अलीकडेच गोळा होतो. मग लांबचं धूसर दिसतं. यालाच आपण उणे नंबर म्हणतो. चष्म्याची भिंगं उजेडाला बाहेरच्या बाहेर योग्य वळण देतात. ऑपरेशनमध्ये मात्र ही पुढची काचच थोडी चपटी करतात. सगळी गोष्ट या अर्ध्या मिलिमीटरच्या काचेभोवती फिरते.

गोष्ट सुरू होते जपानमध्ये. टोकियोच्या जुंतेंदो विद्यापीठात त्सुतोमु सातो नावाचे डॉक्टर होते. एका आजारात पुढच्या काचेच्या आतल्या थराला आपोआप चीर जाते आणि ती चीर भरून आल्यावर काच चपटी होते, असं त्यांना दिसलं. त्यांनी विचार केला, आपणच अशा चिरा दिल्या तर नंबर कमी होईल. १९३९च्या सुमारास त्यांनी हे काम मांडलं आणि पुढे शेकडो डोळ्यांवर ते ऑपरेशन झालं. काचेला बाहेरून चिरा आणि आतूनही चिरा. नंबर खरंच कमी झाला. पेशंट खूश, डॉक्टरही खूश.

मग दहा वर्षं गेली, काहींची वीस वर्षं गेली, आणि त्या डोळ्यांतली काच सुजायला लागली. तिच्यावर पाण्याचे फोड यायला लागले, ती पांढुरकी झाली, आणि ऑपरेशन झालेल्या बहुतेकांची नजर अशी गढूळ होत गेली. कारण नंतर कळलं. पुढच्या काचेच्या अगदी आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो. विहिरीवरच्या मोटारीनं पाणी उपसावं तसा तो थर काचेतलं पाणी सतत उपसत असतो, म्हणून काच स्वच्छ राहते. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. सातोंच्या आतल्या चिरांनी नेमका तोच थर जखमी केला होता. त्या काळी त्या थराचं काम कोणाला नीट माहीत नव्हतं. सातोंनी मुद्दाम कोणाचं वाईट केलं नाही. पण फायदा आठवड्यात दिसला आणि तोटा दिसायला वीस वर्षं लागली. मैत्रिणींनो, हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण ते या गोष्टीत पुन्हा पुन्हा येणार आहे.

दुसरा टप्पा रशियातला. तेव्हाच्या सोव्हिएत संघात, मॉस्कोमध्ये, डॉक्टर स्व्यातोस्लाव फ्योदोरोव होते. एका मुलाचा चष्मा फुटून काच डोळ्यात घुसली आणि जखम भरल्यावर त्याचा नंबर कमी झालेला दिसला, त्यावरून त्यांना कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. सातोंकडून एक धडा त्यांच्यापर्यंत पोचला होता, की आतल्या थराला हात लावायचा नाही. त्यामुळे १९७०च्या दशकात त्यांनी फक्त बाहेरून चिरा देण्याची पद्धत बसवली. सायकलच्या चाकाचे आरे जसे मधून कडेकडे जातात, तशा आठ किंवा सोळा चिरा. मधला भाग मोकळा. त्यांच्या दवाखान्यात पेशंटच्या खाटा सरकत्या पट्ट्यावर असायच्या. एक डॉक्टर एक काम करणार, मग खाट पुढच्या डॉक्टरकडे. एखाद्या कारखान्यासारखंच.

ही पद्धत अमेरिकेत गेली आणि तिथं हजारो लोकांनी ती करून घेतली. पण या वेळी एक वेगळी गोष्ट घडली. तिथल्या सरकारी नेत्रसंस्थेच्या पैशातून एक मोठा अभ्यास झाला. ऑपरेशन झालेल्या पेशंटना दर थोड्या वर्षांनी बोलावून तपासलं, आणि हे दहा वर्षं चालू ठेवलं. १९९४ साली निकाल आला. बऱ्याच जणांना लांबचं बघायला चष्मा लागत नव्हता, हे खरं. पण ४३ टक्के डोळ्यांचा नंबर दहा वर्षांत एक किंवा त्याहून जास्त अंकाने उलट्या दिशेला, म्हणजे अधिक नंबराकडे, सरकला होता. चिरांमुळे काच कमकुवत झाली होती आणि ती हळूहळू चपटी होतच राहिली. १९९६ साली एव्हरेस्टवर मोठा अपघात झाला. त्या तुकडीतल्या एका गिर्यारोहकाचं असंच ऑपरेशन झालेलं होतं. खूप उंचीवर हवा विरळ होते, तिथं त्याच्या डोळ्यांच्या काचेचा आकार बदलला आणि त्याला दिसेनासं झालं. घरात, रस्त्यावर काहीच त्रास नव्हता. त्रास कळला तो वेगळ्या परिस्थितीत गेल्यावर.

आता लेझरकडे येऊ. या टप्प्यात आपल्या देशात शिकलेला एक माणूस आहे. त्यांचं नाव रंगस्वामी श्रीनिवासन. मद्रास विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्क राज्यात आयबीएम या कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करू लागले. तिथं त्यांच्याकडे एक्सायमर नावाचं लेझर होतं. त्याचा किरण अतिनील, म्हणजे डोळ्याला न दिसणारा. हा किरण प्लास्टिकचा अगदी पातळ थर खरवडून काढतो आणि आजूबाजूला भाजत नाही, हे त्यांना माहीत होतं. प्रश्न होता, जिवंत शरीराच्या मांसावर, हाडावर हे चालेल का?

१९८१च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण होता. त्या सणाला टर्की नावाचा मोठा पक्षी भाजून खातात. दुसऱ्या दिवशी, २७ नोव्हेंबरला, श्रीनिवासन उरलेल्या टर्कीचं हाड आणि कूर्चा घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि त्यावर लेझर सोडलं. कापलेल्या जागी कडा स्वच्छ होत्या, करपलेलं काही नव्हतं. घरात उरलेल्या जेवणातून हा शोध लागला. त्यांच्यासोबत जेम्स वाइन आणि सॅम्युएल ब्लम हे सहकारी होते. या तिघांना पुढे अमेरिकेचं राष्ट्रीय पदक मिळालं. न्यूयॉर्कच्या डॉक्टर स्टीफन ट्रोकेल यांनी हे काम पाहिलं आणि १९८३ साली श्रीनिवासन यांच्यासोबत ते डोळ्याच्या काचेवर करून दाखवलं. लेझरचा एक ठोका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी थर उडवतो. सुरी इतकं मोजून कापू शकत नाही.

पण दिसणाऱ्या माणसाच्या डोळ्यावर पहिल्यांदा कोण करून घेणार? इथं एका बाईचे आभार मानायला हवेत. तिला डोळ्याच्या खोबणीत कर्करोग झाला होता आणि डोळा काढावाच लागणार होता. डोळा जाण्यापूर्वी त्याचा दुसऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून तिनं स्वतःहून परवानगी दिली. १९८८ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात डॉक्टर मार्गरेट मॅकडोनल्ड यांनी तिच्या डोळ्यावर लेझर केलं. थोड्याच दिवसांत ठरल्याप्रमाणे तो डोळा काढला आणि जखम कशी भरते ते तपासलं. आज जगभर कोट्यवधी डोळ्यांवर हे ऑपरेशन झालं आहे. त्याच्या सुरुवातीला एक डॉक्टर बाई आणि एक पेशंट बाई होती.

या पहिल्या पद्धतीत काचेवरची नाजूक साल खरवडून मग लेझर करतात. ती साल पुन्हा येईपर्यंत तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो. यावर ग्रीस देशातल्या क्रीट बेटावर डॉक्टर इओआनिस पल्लिकारिस यांनी १९९०च्या सुमारास वेगळी वाट काढली. तव्यावर फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा आपण एका बाजूनं सोडवतो आणि दुसरी बाजू चिकटलेली ठेवतो, तसा काचेचा पातळ पापुद्रा उचलायचा, खाली लेझर करायचं आणि पापुद्रा पुन्हा जागेवर बसवायचा. हेच लॅसिक. दुखणं कमी आणि दुसऱ्याच दिवशी नजर साफ. अमेरिकेत साल खरवडण्याच्या पद्धतीला १९९५ साली मंजुरी मिळाली आणि त्यानंतर काही वर्षांत लॅसिकला. आता पापुद्रा न उचलता बारीक छेदातून आतला तुकडा काढण्याची स्माइल नावाची पद्धतही आली आहे.

मग या टप्प्याचा तोटा कधी दिसला? १९९८ साली जर्मनीतले डॉक्टर थिओ झायलर यांनी कळवलं, की लॅसिकनंतर काही डोळ्यांत काच कमकुवत होऊन पुढे फुगते आणि नजर वेडीवाकडी होते. असं क्वचितच होतं. पण ज्यांची काच मुळात पातळ आहे किंवा जिचा आकार आधीच थोडा बिघडलेला आहे, त्यांना धोका जास्त असतो. म्हणून आता ऑपरेशनआधी काचेची जाडी मोजणं आणि तिच्या उंचसखलपणाचा नकाशा काढणं हे आवश्यक मानतात. ही तपासणी न करता कोणी उद्याच या म्हणत असेल, तर तिथून उठून यायचं.

दुसरा त्रास कोरडेपणाचा. पापुद्रा कापताना काचेतल्या बारीक नसाही कापल्या जातात. डोळ्याला कोरडं वाटलं की पाणी सोडायचा निरोप याच नसा देतात. निरोपच गेला नाही तर डोळा खुपतो, जळजळतो. तिसरा त्रास रात्रीचा. दिव्याभोवती वलय दिसतं, समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड पसरतो.

हे त्रास असलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक एप्रिल २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनासमोर जाहीर सुनावणीत बोलले. मग प्रशासनानं नेत्रसंस्था आणि लष्करासोबत अभ्यास केला. पेशंटना डॉक्टरांनी न विचारता त्यांच्याकडूनच संगणकावर प्रश्नांची उत्तरं भरून घेतली. २०१७ साली आलेला निकाल दोन्ही बाजूंनी ऐकण्यासारखा आहे. ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. त्याच वेळी, ज्यांना आधी वलय, चमक, दुहेरी दिसणं असं काहीच नव्हतं, त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी त्यातलं काहीतरी नव्यानं जाणवत होतं. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना कोरडेपणा आला होता. नव्या त्रासामुळे रोजची कामं करणं फार अवघड झालेले लोक मात्र १ टक्क्याहून कमी होते. म्हणजे बऱ्याच जणांना थोडा त्रास होतो आणि चालवून घेता येतो. पण शंभरातली ती एक आपली मुलगी असली, तर तिच्यासाठी टक्केवारीला काही अर्थ राहत नाही.

आता एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे डोळ्याच्या सगळ्याच उपचारांना लेझर म्हणतात. मोतीबिंदूचं बिनटाक्याचं ऑपरेशन बऱ्याच ठिकाणी ध्वनिलहरींनी होतं, त्यात लेझर नसतं. मधुमेहात मागच्या पडद्यावर लेझर करतात, ते वेगळं. त्याचाही इतिहास आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत मधुमेही पेशंटच्या एका डोळ्यावर लेझर केलं आणि दुसरा तसाच ठेवून दोन्हींची तुलना केली. लेझर केलेल्या डोळ्यांत नजर फार जाण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला. तिथं प्रश्न नजर वाचवण्याचा असतो. तुमच्या सासूबाईंना शुगर आहे आणि डॉक्टरांनी पडद्यावर लेझर सांगितलं आहे, तर उशीर करू नका. गटाचं कर्ज तिथं आधी द्या. चष्म्याच्या नंबराचं लेझर मात्र निरोगी डोळ्यावर होतं. चष्मा लावला की त्या डोळ्याला दिसतंच आहे. म्हणून तिथं घाई करण्याचं कारण नाही आणि धोका किती पत्करायचा याचं मापही वेगळं हवं.

फायदे कमी नाहीत, हेही सांगते. नंबर मोठा असेल तर चष्मा हरवला की माणूस परस्वाधीन होतो. पावसात, घामात, डोक्यावर भारा घेऊन चालताना चष्मा सांभाळणं किती त्रासाचं आहे, हे ज्याचं त्याला माहीत. योग्य डोळा, योग्य वय आणि नीट तपासणी असेल, तर हे ऑपरेशन चांगलं काम करतं.

मग आपण काय विचारायचं? इतिहासातून निघणारे प्रश्न असे आहेत.

वय अठराच्या पुढे आहे का, आणि नंबर वर्षभर तरी एकाच जागी आहे का? नंबर वाढतो आहे तोवर ऑपरेशन करून उपयोग नाही, तो पुन्हा येतो.

काचेची जाडी किती आहे आणि नकाशा कसा आला? कागद मागून घ्या. घरात कोणाची काच फुगण्याचा आजार असेल, किंवा मुलीला सतत डोळे चोळायची सवय असेल, तर तेही सांगा.

पोटात बाळ आहे का, अंगावर दूध पाजणं चालू आहे का? या काळात नंबर हलतो आणि डोळ्याचा कोरडेपणाही बदलतो, म्हणून तेव्हा करायचं नाही. लग्न आणि ऑपरेशन यांच्या तारखा ठरवताना हा हिशेब आपल्याकडे राहूनच जातो.

काम कोणतं आहे? चुलीचा धूर, मळणीची धूळ यांत दिवस जाणार असेल तर कोरड्या डोळ्याचा त्रास दुप्पट होतो, आणि ऑपरेशननंतर काही आठवडे या सगळ्यापासून लांब राहावं लागतं. ती सुट्टी घरात मिळणार आहे का? मुलगी कुस्ती, कबड्डी खेळत असेल तर पापुद्र्याची पद्धत टाळावी का, हे विचारा. जोराचा मार लागला तर पापुद्रा वर्षांनंतरही सरकू शकतो. भरतीसाठी करत असाल तर आधी जाहिरातीतली वैद्यकीय अट वाचा. रेल्वेगाडी चालवण्यासारख्या काही पदांना लॅसिक झालेला डोळा चालत नाही.

पुढे काय राहणार? चाळिशी राहणार. आपल्या भाषेनं जवळच्या चष्म्याला वयाचंच नाव दिलं आहे, ते उगाच नाही. चाळीसच्या आसपास डोळ्याच्या आतलं भिंग ताठर होतं आणि सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो. पुढच्या काचेवर लेझर केल्यानं ते थांबत नाही. मोठ्या उणे नंबराच्या डोळ्यात मागचा पडदा सुटण्याचा धोका असतो, तोही तसाच राहतो. म्हणून चष्मा गेला तरी पडद्याची तपासणी चालू ठेवायची. आणि म्हातारपणी मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना डॉक्टरांना ऑपरेशनआधीचं माप लागतं. म्हणून ते कागद घराच्या कागदपत्रांसोबत, सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवा.

शेवटचा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा नाही, घरात विचारायचा. हे कोणाला हवं आहे? मुलीला स्वतःला चष्म्याचा त्रास होतो म्हणून, की बघायला आलेल्यांना चष्मा दिसू नये म्हणून? डोळा तिचा आहे. वीस वर्षांनी त्या डोळ्याचं जे काही होईल, चांगलं किंवा वाईट, ते तीच भोगणार आहे. तेव्हा हा सगळा इतिहास तिच्या कानावर घाला, तपासणीला तिला बोलू द्या आणि निर्णय तिला घेऊ द्या. ती हो म्हणाली तर तिच्या पाठीशी उभ्या राहा, आणि नाही म्हणाली तर चष्म्याला साजेशी चांगली फ्रेम घेऊन द्या.

 डोळे सांभाळा.